फेरारी की बॅटरीवाली? वेग मोजण्याचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

या दिवाळीत घरी, गोरेगावला गेले होते. मुंबईचं गोरेगाव नव्हे, आमचं गोंदिया जिल्ह्यातलं. हलक्या धानाची कापणी सुरू होती. संध्याकाळी कोहमारा रोडवरच्या टपरीवर चहा प्यायला गेले, तर मामेभाऊ आणि त्याचे दोन मित्र मोबाईलवर मान घालून बसलेले. व्हिडिओत एक लाल फेरारी आणि एक इलेक्ट्रिक गाडी शेजारी शेजारी उभ्या होत्या. दिवा हिरवा झाला आणि बॅटरीवाली आवाज न करता निघून गेली. फेरारी मागून गर्जत आली, पण आलीच नाही म्हणायची.

"ताई, तू एवढी पीएचडी करून राहिली, सांग ना," मामेभाऊ म्हणाला, "खरी फास्ट कोनती? अन् चालवाची मजा कशात जास्त?"

मी दहा सेकंदांत "इलेक्ट्रिक" असं उत्तर देऊन टाकलं. बॅटरीवर काम करते ना मी! सगळे हसले, चहा संपला. पण नागपूरच्या परतीच्या बसमध्ये ते उत्तर डोक्यातून जाईना. कारण ज्या चुकीपायी मागच्या वर्षी माझे सात महिने पाण्यात गेले होते, अगदी तीच चूक मी टपरीवर पुन्हा केली होती.

आधी ते सात महिने सांगते, मग गाड्यांकडे येऊ.

माझा सुंदर आलेख

मी लिथियम-आयन बॅटरीच्या धन इलेक्ट्रोडसाठी लागणाऱ्या पदार्थांवर काम करते. पदार्थ तयार करायचा, त्याचे नाण्याएवढे छोटे सेल बांधायचे, ते चार्ज-डिस्चार्ज करायचे आणि किती विद्युतभार साठतो ते पाहायचं. माझा एक नमुना नेहमीच्या पदार्थापेक्षा ठळकपणे जास्त क्षमता दाखवत होता. मी आलेख काढला, रंग दिले, प्रकरणाचा मसुदाही लिहायला घेतला.

मॅडमनी आलेख पाहून एकच प्रश्न विचारला, "हे किती वेगाने डिस्चार्ज केलंस?" मी सगळे सेल दहा तासांत रिकामे होतील इतक्या सावकाश चालवले होते. मॅडम म्हणाल्या, "गाडीत लावायची म्हणतेस ना ही बॅटरी? मग दहा मिनिटांत रिकामी करून बघ." करून पाहिलं. माझा नमुना साध्या पदार्थाच्याही खाली गेला.

पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगते. त्यानंतर मी अशी मधली गती शोधायला लागले, जिथे माझा नमुना पुन्हा वर दिसेल. एक तास, दोन तास, पाच तास. मॅडमच्या ते लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "तू आता मोजत नाहीयेस, निवडते आहेस."

ते प्रकरण पहिल्यापासून पुन्हा लिहावं लागलं. आता गाड्यांच्या शर्यतीचा इतिहास वाचा, म्हणजे हा आजार फक्त माझा नाही हे कळेल.

१८९९: चौतीस सेकंद

बहुतेकांना वाटतं की आधी पेट्रोलच्या वेगवान गाड्या आल्या आणि मग आपल्या काळात इलेक्ट्रिकने त्यांना गाठलं. खरं म्हणजे वेगाच्या विक्रमांची नोंद सुरू झाली तीच इलेक्ट्रिक गाडीपासून. डिसेंबर १८९८ मध्ये पॅरिसजवळच्या आशेर इथे गास्तों द शास्लू-लोबा या फ्रेंच सरदाराने विजेवर चालणारी झांतो कंपनीची गाडी ताशी ६३.१५ किलोमीटर वेगाने नेली. बेल्जियमचा कामिय झेनात्झी स्वतः इलेक्ट्रिक गाड्या बनवायचा. त्याने आव्हान दिलं आणि पुढचे काही महिने दोघांत चुरस लागली. ६६.६६, मग ७०.३१, मग ८०.३५, मग ९२.७८. शेवटी १८९९ च्या वसंतात झेनात्झीने टॉर्पेडोच्या आकाराच्या गाडीतून १०५.८८ गाठले. ताशी शंभरचा आकडा ओलांडणारी ही पहिली मोटारगाडी. तिचं नाव फ्रेंचमध्ये 'ला जामे कोंतांत', म्हणजे 'कधीच समाधान न होणारी'. संशोधकाने प्रयोगशाळेच्या दारावर लावावं असं नाव आहे.

आता जरा थांबा आणि वही काढा. हे वेग एक किलोमीटर अंतरावर मोजलेले आहेत, तेही आधीच धावत आलेल्या गाडीचे. ३६०० ला वेगाने भागलं की किलोमीटरला लागलेले सेकंद मिळतात. ६३.१५ चे होतात ५७ सेकंद. ६६.६६ चे ५४. ७०.३१ चे ५१.२. ८०.३५ चे ४४.८. ९२.७८ चे ३८.८. आणि १०५.८८ चे बरोबर ३४.

काही दिसलं? सगळे सेकंद ०.२ च्या पटीत आहेत. म्हणजे वेळ सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंतच मोजली जात होती. झेनात्झीला ३४ ऐवजी ३४.२ सेकंद लागले असते, तर वेग १०५.२६ आला असता. घड्याळाच्या एका टिकटिकीत ताशी अर्ध्या किलोमीटरहून जास्त फरक पडतो. तरी आपण सव्वाशे वर्षं १०५.८८ असे दोन दशांश स्थळांपर्यंतचे आकडे छापतो आहोत. दशांश स्थळं भागाकारातून आली आहेत, घड्याळातून नाही. तुमच्या पहिल्या प्रबंधिकेतल्या तक्त्यात हीच चूक असेल, पैज लावा.

१९०२: पेट्रोलचा काळ

इलेक्ट्रिकचं राज्य फार टिकलं नाही. एप्रिल १९०२ मध्ये लेओं सेर्पोले याने वाफेच्या गाडीतून ताशी १२० चा टप्पा ओलांडला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या विल्यम व्हँडरबिल्टने पेट्रोलची मोर्स गाडी ताशी १२२ च्या वर नेली. त्यानंतर विक्रमांच्या यादीतून बॅटरी जवळजवळ गायबच झाली.

कारण साधं आहे. एक किलो पेट्रोलमध्ये साधारण १२ ते १३ युनिट ऊर्जा असते. युनिट म्हणजे आपल्या लाईट बिलावरचंच. एक किलो शिसे-आम्लाच्या बॅटरीत ०.०३ ते ०.०४ युनिट. पेट्रोल इंजिन त्यातली जेमतेम तीस टक्के ऊर्जा चाकापर्यंत पोचवतं आणि मोटर नव्वद टक्के, हे धरूनही पेट्रोल शंभरपटीने पुढे राहतं. आजच्या लिथियम-आयन सेलमध्ये किलोला साधारण ०.२५ युनिट मावतं. तरीही पेट्रोल सोळा-सतरापट पुढे आहेच.

मग बॅटरीवाली आज फेरारीला मागे कशी टाकते? इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. किती ऊर्जा साठवली आहे हा एक प्रश्न. ती किती झपाट्याने काढता येते हा दुसरा. टाकी मोठी असणं वेगळं आणि तोटी मोठी असणं वेगळं. दूर जायला आणि खूप वेळ जोरात धावायला टाकी लागते. सिग्नलवरून सुसाट सुटायला तोटी लागते. माझा नमुना टाकीत चांगला आणि तोटीत नापास होता, ते आठवा.

आपल्याकडे वीज आधी रुळांवर धावली

महाराष्ट्राने विजेचा वेग पहिल्यांदा पाहिला तो रस्त्यावरच्या गाडीत नाही. मुंबईत मे १९०७ मध्ये विजेची ट्राम सुरू झाली. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला विजेची आगगाडी धावली, आणि १ जून १९३० ला मुंबई-पुणे डेक्कन क्वीन सुरू झाली. वरचा हिशेब कळला असेल तर याचं कारणही कळेल. रुळावरच्या गाडीला टाकी सोबत न्यावी लागत नाही. डोक्यावरच्या तारेतून हवी तेवढी वीज ओढता येते. ज्या काळात विजेची मोटारगाडी नामशेष होत होती, त्याच काळात विजेचं इंजिन खंडाळ्याचा घाट चढत होतं. 'वीज कमजोर आहे' हा निष्कर्ष चुकीचा होता. कमजोर होती ती बॅटरी. दोन कारणं एकात मिसळली की निष्कर्ष असा फसतो.

सचिनची फेरारी

आमच्या पिढीला सुपरकार हा शब्द कळला तो सचिनमुळे. एप्रिल २००२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला त्याने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली आणि त्याच वर्षी सिल्व्हरस्टोनला मायकेल शूमाकरच्या हस्ते त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. मग आयात शुल्काची माफी, त्यावरून उठलेला गदारोळ, शेवटी ते शुल्क फियाटने भरलं, हे सगळं पेपरात रोज यायचं. आमच्या गावात फेरारी कुणी पाहिलेली नव्हती, पण तिच्या शुल्कावर मत प्रत्येकाला होतं.

त्या गाडीचे कंपनीने दिलेले आकडे असे: ३.६ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, ४०० अश्वशक्ती, शून्यावरून ताशी १०० ला ४.५ सेकंद, कमाल वेग ताशी २९५ च्या आसपास. यातली खरी गोष्ट अश्वशक्तीच्या पुढे लिहिलेली असते. ही ४०० अश्वशक्ती मिळते ती इंजिन मिनिटाला ८,५०० फेरे घेत असताना. जास्तीत जास्त पीळ, म्हणजे टॉर्क, मिळतो ४,७५० फेऱ्यांना. त्याच्या खाली इंजिन मवाळ असतं. म्हणून चालवणाऱ्याने योग्य क्षणी योग्य गिअर टाकून इंजिनला त्या टापूत ठेवायचं असतं. आवाज चढत जातो आणि त्या आवाजावरून हाताला कळतं की आता. पेट्रोल सुपरकारची मजा म्हणतात ती मुख्यतः हीच.

त्याच सुमारास, २००१ मध्ये बंगळूरहून रेवा ही छोटी इलेक्ट्रिक गाडी बाजारात आली. २०१० मध्ये ती कंपनी महिंद्राने घेतली. मे २०१७ मध्ये आमच्या नागपुरात इलेक्ट्रिक टॅक्सींचा प्रकल्प सुरू झाला, त्यात महिंद्राच्या ई-टू-ओ प्लस होत्या. कमाल वेग ताशी ऐंशी-पंच्याऐंशीच्या घरात. शहरापुरती बरी होती. पण त्या वेळी 'फेरारी की बॅटरीवाली' असं कुणी विचारलं असतं तर टपरीवर हशा पिकला असता.

पिथमपूरचा धावपट्टा

आता जवळच्या काळात या. महिंद्राने २०१५ मध्ये इटलीची पिनिनफरिना ही डिझाईन कंपनी विकत घेण्याचा करार केला. त्यानंतर समूहाने ऑटोमोबिली पिनिनफरिना ही नवी कंपनी काढली आणि २०१९ मध्ये जिनिव्हात बतिस्ता ही इलेक्ट्रिक गाडी दाखवली. चार चाकांना चार मोटरी, १२० युनिटची बॅटरी, १,९०० अश्वशक्ती. शून्यावरून १०० ला १.८६ सेकंद असा कंपनीचा दावा.

इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स ही वाहन चाचणी संस्था आहे. तिथला ११.३ किलोमीटरचा लंबगोल धावपट्टा २०२१ मध्ये खुला झाला. २०२३ मध्ये याच धावपट्ट्यावर नारायण कार्तिकेयनने बतिस्ता ताशी ३५७.१० किलोमीटरपर्यंत नेली. पाव मैल ८.५५ सेकंदांत, अर्धा मैल १३.३८ सेकंदांत. भारतातल्या जमिनीवरचा तो विक्रम ठरला, आणि ती गाडी मुंबईच्या समूहाची, बॅटरीवर चालणारी होती.

मुंबईच्याच वझिरानी ऑटोमोटिव्हने २०२१ मध्ये एकोंक ही एका माणसाची इलेक्ट्रिक गाडी आणली. तिचा विचार उलटा आहे. वजन फक्त ७३८ किलो, ७२२ अश्वशक्ती, आणि शून्यावरून १०० ला २.५४ सेकंद, असं कंपनी सांगते. एकाने बॅटरी वाढवून वेग मिळवला, दुसऱ्याने वजन घटवून. दोन्ही वाटा खऱ्या आहेत.

इथे थोडं भौतिकशास्त्र करू. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. त्याला ४.५ ने भागलं तर सचिनच्या फेरारीचं सरासरी त्वरण गुरुत्व त्वरणाच्या ०.६३ पट येतं. १.८६ ने भागलं तर बतिस्ताचं दीडपट. म्हणजे सीटमध्ये पाठ दाबणारा जोर तुमच्या वजनाच्या दीडपट. चाकणच्या कारखान्यातून येणारी महिंद्राची बीई ६ ही गाडी ६.७ सेकंद घेते असं कंपनी सांगते. तिचं येतं ०.४२. मामेभाऊ नागपुरात हीच चालवून आला होता आणि त्याला ती विमानासारखी वाटली.

आता त्या १.८६ सारख्या आकड्यांकडे संशोधकाच्या नजरेने पाहा. मोटारीच्या जगात, विशेषतः अमेरिकेत, एक पद्धत आहे. गाडी पहिला एक फूट सरकली की मगच घड्याळ सुरू करायचं. गुरुत्व त्वरणाएवढ्या त्वरणाने एक फूट सरकायला सुमारे पाव सेकंद लागतो. पंधरा सेकंदांच्या गाडीला पाव सेकंद म्हणजे काहीच नाही. दोन सेकंदांच्या गाडीला तो आठवा हिस्सा आहे. म्हणून दोन गाड्यांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी विचारायचं की घड्याळ कधी सुरू केलं, उतार किती होता, टायर कुठले, डांबर कसलं. फेरारीचा आकडा २००२ चा, बतिस्ताचा आजचा. टायरसुद्धा वीस वर्षांनी सुधारले आहेत. तो सगळा फरक विजेच्या खात्यात टाकायचा का?

एक गाडी, दोन निकाल

आता सगळ्यात बोलका दाखला. २०१९ मध्ये पेट्रोलवरच्या बुगाटी शिरॉनने जर्मनीत ताशी ४९०.४८ किलोमीटर गाठले. सप्टेंबर २०२५ मध्ये बीवायडी समूहाच्या यांगवांग यू ९ एक्स्ट्रीम या इलेक्ट्रिक गाडीने, तेही जर्मनीतच, ४९६.२२ गाठले. १९०२ मध्ये विजेच्या हातून गेलेला मान १२३ वर्षांनी परत आला, असं लिहायचा मोह होतो. पण दोन्ही वेळा गाडी एकाच दिशेने धावली होती. जमिनीवरच्या अधिकृत विक्रमासाठी नंतरच्या काळात नियम आला, की त्याच पट्ट्यावर दोन्ही दिशांनी धावायचं आणि सरासरी घ्यायची. वारा आणि उतार खोडण्याचा हा साधा, सुंदर उपाय आहे. आपण प्रयोगशाळेत ज्याला 'अदलाबदल करून मोजणं' म्हणतो तेच.

त्याच यू ९ एक्स्ट्रीमने नूरबर्गरिंग या वीसेक किलोमीटरच्या वळणावळणाच्या रस्त्यावर ६ मिनिटं ५९.१५७ सेकंदांची फेरी मारली. आणि २०२१ मध्ये पोर्शच्या ९११ जीटी २ आरएस या पेट्रोल गाडीने, मांथाईच्या खास जोडणीसह, तीच फेरी ६ मिनिटं ४३.३०० सेकंदांत मारली होती. इलेक्ट्रिक गाडीची ताकद सुमारे ३,००० अश्वशक्ती, पोर्शची ७००. चौपटीहून जास्त ताकद असूनही सोळा सेकंद मागे. कारण वळणावर वजन आडवं येतं. बॅटरीवाली दोन टनांच्या वर आहे, पोर्श दीड टनाच्या आत. चालक वेगळे, दिवस वेगळे, हेही लक्षात ठेवायचं. पण सोळा सेकंद फक्त हवामानाने येत नाहीत.

म्हणजे तीच गाडी सरळ रस्त्यावर पेट्रोलला हरवते आणि वळणांवर पेट्रोलकडून हरते. आता सांगा, फास्ट कोणती?

तिसरं मोजमाप घ्या, टिकाव. २०१४ मध्ये फॉर्म्युला ई ही इलेक्ट्रिक गाड्यांची शर्यत सुरू झाली. महिंद्राचा संघ पहिल्या हंगामापासून तिच्यात आहे. पहिले चार हंगाम शर्यतीच्या मध्यावर चालक एका गाडीतून उडी मारून दुसऱ्या चार्ज केलेल्या गाडीत बसायचे, कारण एक बॅटरी शर्यतभर पुरत नव्हती. फेब्रुवारी २०२३ मध्ये ही शर्यत हैदराबादला झाली, तोवर एका गाडीत पूर्ण शर्यत होऊ लागली होती. टाकी हळूहळू वाढते आहे, पण वाढते आहे.

आणि मजा?

वेगाला निदान घड्याळ आहे. मजेला काय लावायचं? टपरीवर आम्ही तिघं-चौघं मजेबद्दल ठासून बोलत होतो आणि आमच्यापैकी एकानेही सुपरकार चालवलेली नव्हती. आमचा सगळा पुरावा मोबाईलवरचा. संशोधनाच्या भाषेत, सगळे दुय्यम स्रोत.

गाड्या बनवणाऱ्यांनाही हा प्रश्न पडलेला दिसतो. ह्युंदाईच्या आयोनिक ५ एन या इलेक्ट्रिक गाडीत गिअर नसतानाही गिअर बदलल्याचा झटका आणि इंजिनाचा आवाज मुद्दाम तयार करायची सोय आहे. महिंद्राने आपल्या नव्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या आवाजासाठी ए. आर. रहमानला सोबत घेतलं. म्हणजे मजेतला काही भाग वेगात नाही, तर गाडी चालवणाऱ्याला परत काय सांगते यात आहे, हे त्यांनी मान्य केलंय.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी एकजण गोंदियाहून आपली इलेक्ट्रिक नेक्सॉन घेऊन आला होता. माझ्या मामाने वीस वर्षं गोरेगाव-गोंदिया काळी-पिवळी चालवली आहे. त्याला चालवायला दिली. मी मनात ठरवूनच टाकलं होतं की मामाला आवडणार नाही. आवाज नाही, गिअर नाही, क्लच नाही. हिरडामालीपर्यंत जाऊन परत आला. मी विचारलं, "मामा, मजा आली का?"

मामा म्हणाला, "मजा म्हनजे का? पाय नाही दुखला ना बाई. अन् शेतातल्या हार्वेस्टरचा आवाज आयकू येत होता गाडीत बसून."

थोड्या वेळाने स्वतःच पुढे म्हणाला, "पन गाडी माह्याशी काही बोलली नाही. काळी-पिवळी बोलत होती. कधी गिअर टाकाचा ते आवाजच सांगे."

मी मजेची जी यादी मनात केली होती, तिच्यात वेग होता, आवाज होता, पाठीला बसणारा दाब होता. क्लचने दुखणारा पाय नव्हता. दिवसाला चाळीस-पन्नास वेळा थांबून सवारी घेणाऱ्या माणसाची मजा म्हणजे संध्याकाळचा थकवा वजा करून जे उरतं ते. हे माझ्या डोक्यात कधी आलंच नसतं, कारण मी त्याला न विचारताच मोजपट्टी तयार केली होती. समाजशास्त्राच्या मित्रांना हे पहिल्या वर्षी शिकवतात, की आधी माणसांशी मोकळं बोला, मग प्रश्नावली करा. आम्हा विज्ञानवाल्यांना ते उशिरा कळतं.

आणि एक गोष्ट. मी मामाला आधी काळी-पिवळीचं विचारून मग नेक्सॉनचं विचारलं असतं, तर उत्तर कदाचित उलट्या क्रमाने आलं असतं. आधी पाय, मग आवाज की आधी आवाज, मग पाय? क्रमाचाही परिणाम असतो. एका माणसाच्या एका फेरीवरून मी इथे काही सिद्ध करत नाहीये. कुठला प्रश्न विचारायला हवा होता, एवढंच मला त्या फेरीतून कळलं.

तुमच्या वहीसाठी

तुमच्यापैकी बरेच जण पेट किंवा नेटची तयारी करताय, काही जण पहिला आराखडा लिहिताय. 'अ हे ब पेक्षा चांगलं आहे' असं वाक्य त्यात नक्की असेल. पदार्थ असेल, पीक असेल, औषध असेल, शिकवण्याची पद्धत असेल. प्रयोगाला हात लावण्याआधी एका पानावर तारखेसह तीन ओळी लिहून ठेवा.

पहिली: 'चांगलं' म्हणजे मी नेमकं काय मोजणार? सुटणं, कमाल वेग, फेरी की टिकाव?

दुसरी: कुठल्या अटींत मोजणार? घड्याळ कधी सुरू, कधी बंद, किती वेळा, दोन्ही दिशांनी की एकाच?

तिसरी: हे मोजमाप कुणाच्या कामाचं आहे? त्या माणसाला मी विचारलं का?

निकाल आल्यावर मोजमाप बदलावंसं वाटलं तर बदला, त्याला बंदी नाही. पण बदललं असं लिहा, आणि आधीचा निकालही छापा. माझ्या नव्या प्रकरणात आता दोन आलेख शेजारी शेजारी आहेत. सावकाश डिस्चार्जचा, जिथे माझा पदार्थ जिंकतो, आणि झपाट्याच्या डिस्चार्जचा, जिथे तो हरतो. तो गाडीत जाणार नाही. घराच्या सौर पॅनेलला जोडलेल्या, रात्रभर हळूहळू रिकाम्या होणाऱ्या बॅटरीत कदाचित जाईल. हरलेला आलेख लपवला असता तर हे सुचलंही नसतं.

मामेभावाला परवा फोन केला. म्हटलं, सिग्नलवरून सुटायला बॅटरीवाली, वळणाच्या रस्त्यावर अजून तरी पेट्रोल, आणि समृद्धी महामार्गावर दोन्ही सारख्या, कारण तिथे मर्यादा ताशी १२० ची आहे आणि ती दोघींनाही पाळावी लागते. मजेचं मामाला विचार.

तो म्हणाला, "म्हनजे तुले उत्तर नाही माहीत."

म्हटलं, "उत्तर माहीत आहे रे. तुझा प्रश्न अर्धा होता, अन् मी तो पुरा न करताच उत्तर दिलं होतं."